शिडाची बोट नाशकात: पुन्हा पाण्यात सोडण्याआधीची दुरुस्ती

समुद्रातली बोट दुरुस्तीसाठी कसारा घाट चढवून नाशकात आणायची म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. पण फायबरच्या जुन्या बोटीच्या तळात पाणी मुरलेलं असतं, ते बाहेर काढायला कोरडी हवा लागते आणि किनाऱ्यावर ती विकतही मिळत नाही. मुंबईच्या जेट्टीजवळ बोट वर काढून चार महिने ठेवली तरी तळ दमटच राहतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. पावसाळा उलटला की इथली हवा मार्चपर्यंत कोरडी असते, आणि अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथ, वेल्डिंग, फायबर आणि धातूची तपासणी सगळं दहा मिनिटांच्या अंतरावर मिळतं. मात्र याच नाशकात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहाच्या खाली जातं आणि त्या थंडीत तळावर चढवायचं इपॉक्सी रेझिन बिघडतं. म्हणून कुठलं काम कोणत्या महिन्यात करायचं, हे ठरवूनच हात घालायचा.

इथे साधारण २६ फुटी, फायबरची, बिडाची फिन कील, म्हणजे तळाखाली बसवलेला जड पाता, असलेली, अडीच टनांच्या आतबाहेरची आणि छोटं डिझेल इंजिन असलेली बोट गृहीत धरली आहे.

वेळापत्रक

मे संपायच्या आत बोट नाशकात शेडखाली यायला हवी. जून ते सप्टेंबर शिडं, तारा, वायरिंग आणि इंजिन, म्हणजे हवेच्या दमटपणाशी ज्यांचं वाकडं नाही अशी कामं. ऑक्टोबर लागला की तळ उघडायचा, जानेवारी अखेरपर्यंत वाळवायचा, फेब्रुवारीत इपॉक्सी आणि मार्चमध्ये पाण्यात. यात एक आख्खा हंगाम जातो, हे आधीच मान्य करा. तळाला पाणी मुरून आलेले फोड नसतील तर एवढं थांबायची गरज नाही, दिवाळीच्या सुमारास बोट परत जाऊ शकते.

फोड आहेत की नाहीत हे बोट वर काढली त्याच दिवशी पाहायचं. प्रेशरने तळ धुतला की तासाभराच्या आत, तिरप्या प्रकाशात. सुकल्यावर बरेचसे फोड बसतात आणि दिसेनासे होतात. दिसेल त्या प्रत्येक फोडाभोवती खडूने गोल करा आणि फोटो काढून ठेवा.

आणणं आणि उभी करणं

बोटीची रुंदी २.६ मीटरच्या आत असेल तर रस्त्यावर रुंदीसाठी वेगळी परवानगी लागत नाही. २६ फुटी बोट सहसा त्यात बसते. डोलकाठी उतरवून, तारा गुंडाळून, डेकवर जाड कापडाच्या गाद्यांवर बांधायची.

उचलायला नाशकात हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, मिळते. हायड्रावाल्यांना यंत्रं उचलायची सवय असते, बोटीची नसते. दोन रुंद नायलॉनचे पट्टे घ्या, साखळी किंवा वायर रोप नको. दोन्ही पट्ट्यांच्या वर आडवा बीम लावा, नाहीतर पट्टे वर एकत्र येताना डेकच्या कडा आत दाबतात आणि डेक आणि हल, म्हणजे बोटीचं खालचं अंग, यांचा जोड उघडतो. पट्टे शाफ्टवर किंवा सुकाणूवर येत नाहीत हे खाली वाकून बघा. जागा जमली की डेकच्या कडेला दोन्ही बाजूंना टेपने खूण करा. परत उचलताना याच खुणा लागतात. बोट लटकलेली असताना हायड्रा चालवायची वेळ आलीच तर नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि मागच्या टोकाला एकेक दोर बांधून दोन माणसांनी धरायचे.

जमीन कसली आहे ते पाहा. नाशकातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर ठेवलेला जॅक जुलैत एका बाजूने वर येतो, दुसऱ्या बाजूने बसतो. काँक्रीटचीच जागा घ्या. नुसता मुरूम असेल तर प्रत्येक पायाखाली दोन इंच जाडीची फळी टाका. वजन सगळं कीलवर, कीलखाली लाकडी ठोकळे. बाजूचे टेकू बोट फक्त सरळ उभी ठेवतात. टेकू आतल्या आडव्या भिंतींच्या समोर यायला हवेत, नाहीतर फायबर आत दबतं. दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन, आणि समोरासमोरचे टेकू साखळीने एकमेकांना बांधलेले.

शेजारच्या गाळ्यात लोखंडाचं ग्राइंडिंग चालत असेल तर मध्ये ताडपत्री हवीच. लोखंडाचा बारीक कण जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर, बसतो, पहिल्या दवात गंजतो आणि पांढऱ्या डेकवर तांबडे ठिपके उमटतात. ते मग सहजासहजी निघत नाहीत.

पावसाळ्यातली कामं

सुरुवात डोलकाठीपासून. ती शेडमध्ये आडवी असते, हाताशी असते. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या उभ्या तारा वापरून दहा-बारा वर्षं झाली असतील तर बदला, तपासत बसू नका. त्याहून नवीन असतील तर कापसाचा बोळा घेऊन तार वरून खालपर्यंत पुसा. कुठेही धागा अडकला की तिथे एक तार तुटलेली आहे आणि ती आख्खी तार बाद. मुद्दाम पाहायची जागा म्हणजे टोकाला दाबून बसवलेली नळी, त्यातही खालच्या टोकाची. तिच्यात पाणी उतरून साचतं आणि ती आतून चिरते.

चीर डोळ्यांना दिसत नाही. पण नाशकात वेल्डिंगचे सांधे तपासायला जी डाय-पेनिट्रंटची पद्धत रोज वापरतात, तीच इथे चालते. तीन स्प्रे असतात. पहिल्याने भाग स्वच्छ करायचा. दुसरा लाल रंग मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग लाल रंग कापडाने पुसायचा. क्लीनर कापडावर घ्यायचा, थेट भागावर मारायचा नाही, नाहीतर चिरेतला रंगही धुवून निघतो. शेवटी पांढरी पावडर. चीर असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ हळूहळू उमटते. टर्नबकल, शॅकलच्या पिना आणि चेनप्लेट, म्हणजे तारा हलला जिथे बांधलेल्या असतात त्या पट्ट्या, सगळं असंच तपासा. चेनप्लेट मात्र काढूनच तपासायची. डेकमधून जिथे ती आरपार जाते तिथे हवा पोहोचत नाही, पाणी साचतं, आणि तिथेच स्टेनलेस स्टील खड्डे पडून कमकुवत होतं. वरून आरशासारखी चमकणारी पट्टी मध्यावर अर्धी खाल्लेली निघते.

नवी चेनप्लेट अंबडला कुणीही कापून देईल, पण ३१६ ग्रेडच मागा. लोहचुंबक लावून ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाहीत, दोन्हींना तो जवळपास चिकटत नाही. स्टेनलेसचे व्यापारी मॉलिब्डेनमची थेंबाची चाचणी करतात, ती डोळ्यांसमोर करून घ्या. तारेसाठी मात्र नाशकात फिरू नका. हार्डवेअरच्या दुकानातली मऊ वायर रोप ताणते. उभ्या तारांना १ × १९ वळणाची ३१६ची तार लागते, या आकाराच्या बोटीला साधारण ५ मि.मी. ती मुंबईहून, टोकं दाबून मागवा. लिफ्टच्या तारेवर लावतात ती ॲल्युमिनियमची नळी इथे चालत नाही. डोलकाठी ॲल्युमिनियमची आणि स्क्रू स्टेनलेसचे, त्यामुळे प्रत्येक स्क्रूला झिंक क्रोमेटची किंवा तत्सम पेस्ट लावूनच बसवा, नाहीतर पाच वर्षांनी तो तुटेल पण निघणार नाही.

वायरिंग. बोटीतल्या १२ व्होल्टच्या वायरिंगला घरातल्या वायरिंगचा अंदाज लावू नका. इथे अंतर फार महाग पडतं. उदाहरण घ्या: तळातलं पाणी उपसणारा पंप ५ अँपियर खातो आणि बॅटरीपासून ६ मीटरवर आहे. वीज जाऊन परत यायची, म्हणून लांबी १२ मीटर. व्होल्टेज ३ टक्क्यांहून जास्त पडू द्यायचं नाही, म्हणजे ०.३६ व्होल्ट. तांब्यासाठी ०.०१७५ गुणिले १२ गुणिले ५, भागिले ०.३६. उत्तर २.९ येतं, म्हणजे ४ चौरस मि.मी.ची वायर. इलेक्ट्रिशियन सवयीने दीडची टाकतो. पंप चालतो, पण कमी दमाने, आणि ते कळतं तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत आलेलं असतं. वायर कथील चढवलेल्या तांब्याची घ्या. टोकं दाबून बसवा. नुसता सोल्डर नको, कारण सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि हादऱ्याने तुटते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून १८ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे वीतभरही नाही.

इंजिनाचं लांबवत नाही. ऑइल आत्ताच बदला, जुनं ऑइल चार महिने बेअरिंगवर ठेवायचं नाही. खारं पाणी गोड्या पाण्याने धुवून काढा, रबरी इंपेलर काढून ठेवा, डिझेलची टाकी रिकामी करून तळातला चिकट काळा थर पुसा आणि दोन्ही फिल्टर बदला. एक्झॉस्टचा वाकलेला तुकडा मात्र जरूर खोला. काजळी आणि मीठ साचून त्याचं भोक पेन्सिलएवढं होतं, इंजिन पळत नाही आणि लोक इंजेक्टर बदलत बसतात.

स्वयंपाकाचा गॅस असेल तर सिलिंडर केबिनमध्ये नको. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळात साचतो. सिलिंडरचा कप्पा केबिनपासून बंद आणि त्याच्या तळाची नळी थेट बाहेर, पाणरेषेच्या वर निघणारी हवी.

तळाला पडलेली भोकं

पाणरेषेखालचा प्रत्येक व्हॉल्व्ह काढून बघा. पितळी असेल तर तासणीने खरवडा. पिवळी चमक आली तर ठीक. गुलाबी, तांब्यासारखी आली तर त्यातलं जस्त निघून गेलं आहे आणि उरलेला व्हॉल्व्ह बिस्किटासारखा ठिसूळ झाला आहे. हातोडीने हलकेच ठोकून बघितलं तरी तुकडा पडतो. नळाच्या दुकानातला निकेल चढवलेला चकचकीत बॉल व्हॉल्व्ह साधा पितळीच असतो. घराच्या टाकीला उत्तम, समुद्राला नको. ब्राँझ, जस्त न सुटणारं पितळ, किंवा बोटीसाठी बनवलेला फायबर भरलेला नायलॉन, या तिनातलाच घ्या. प्रत्येक पाइपला दोन क्लिपा, स्क्रूसकट ३१६च्या. आणि प्रत्येक व्हॉल्व्हला दोरीने एक निमुळती लाकडी खुंटी बांधून ठेवा.

शाफ्टचं रबरी बेअरिंग हाताने वरखाली हलवून पाहा. २५ मि.मी.च्या शाफ्टला १ मि.मी.पेक्षा जास्त हालचाल असेल तर बदला. पाणी अडवणाऱ्या ग्लँडमध्ये दोरीचं जुनं पॅकिंग सगळं उकरून काढा, नुसती एक नवी कडी वर घालू नका. तीन-चार कड्या, प्रत्येकीचा सांधा आधीच्या सांध्यापासून फिरवून.

ऑक्टोबर: तळ उघडणं

जुन्या रंगाची धूळ विषारी असते. समुद्रातल्या बोटीच्या तळाच्या रंगात तांबं असतं. कोरडं घासू नका, ओलं घासा, खाली प्लास्टिक अंथरा आणि गाळ गोळा करून कोरड्या ड्रममध्ये भरा. तो गटारात गेला की एमआयडीसीच्या नाल्यातून नासर्डीत आणि तिथून गोदावरीत जातो.

मग फोड फोडा. आतून व्हिनेगरसारख्या वासाचं चिकट पाणी येतं. रेझिनमधले विरघळणारे घटक आणि मुरलेलं पाणी मिळून ते तयार झालेलं असतं. डोळ्यांवर गॉगल हवा, कारण फोड दाबाखाली असतो आणि पाणी उडतं. इकडेतिकडे दहा-वीस फोड असतील तर तेवढेच ग्राइंड करून भरा. सगळीकडे असतील तर पाणरेषेखालचा जेलकोट पूर्ण उतरवावा लागतो. नाशकात फायबरच्या टाक्या आणि डक्ट बनवणारे चांगले कारागीर आहेत, त्यांच्याकडून हे काम होईल. फक्त ग्राइंडर एका जागी थांबवू नका, नाहीतर तळ पाण्याच्या लाटांसारखा होतो.

आता मुख्य गोष्ट. तळ उघडला की वाळायला सोडून मोकळं व्हायचं, असं बहुतेक जण करतात आणि इथेच फसतात. आत जे साचलेलं असतं त्यातलं पाणी उडून जातं, पण ग्लायकोल उडत नाही. ते हवेतलं पाणी परत ओढून घेतं. म्हणून वाळवण्याआधी आणि वाळवताना तळ गोड्या पाण्याने धुवावा लागतो. गरम पाण्याचं प्रेशर किंवा वाफ मिळाली तर फारच उत्तम. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला एकदा. पाणी नळाचं घ्या, बोअरचं नको. बोअरच्या पाण्यातले क्षार वाळून तळावर पांढरा थर बसतो. बोटांना तळ चिकट लागायचा थांबला आणि आंबट वास गेला की धुणं थांबवा.

नंतर हवा. कांदाचाळीचं तत्त्व डोळ्यांसमोर ठेवा: कांदा टिकतो तो खालून वर हवा खेळती असते म्हणून, ऊन लागतं म्हणून नव्हे. बोटीभोवती प्लास्टिक गुंडाळून आत हॅलोजन लावले की तळ तापतो, पण ओल बाहेर पडायला जागाच राहत नाही. बाजू उघड्या ठेवा, केबिनचे सगळे झाकण उघडा, आतली फरशी उचला, आणि कोरड्या दिवशी दोन पंखे तळावरून फिरवा. संध्याकाळी दव पडायच्या आत बाजूच्या ताडपत्र्या सोडा.

वाळलं की नाही ते ओलावा मोजणाऱ्या मीटरने बघा, पण मीटरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तळावर खडूने वीस-पंचवीस जागा आखा, दर रविवारी सकाळी त्याच वेळी, त्याच जागी आकडे घ्या आणि वहीत लिहा. पाणरेषेच्या वर, जिथे कधीच पाणी लागत नाही, तिथलेही पाच आकडे घ्या. खालचे आकडे वरच्यांच्या जवळ येऊन तीन आठवडे तिथेच राहिले की झालं. मीटर नसेल तर दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि चोवीस तासांनी आत बाष्प आलंय का बघा. याने मोठी ओल कळते, थोडी कळत नाही.

सुकाणूकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. ते आतून फोमचं असतं आणि त्यात पाणी भरलेलं असतं. सर्वांत खाली ६ मि.मी.चं भोक पाडा आणि खाली डबा ठेवा. दोन-तीन दिवस पाणी ठिबकत राहिलं तरी दचकू नका. तांबडं पाणी आलं तर मात्र आतला लोखंडी सांगाडा गंजतोय आणि सुकाणू उघडावं लागेल.

डेक याच काळात करा. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर मधलं लाकूड कुजलेलं. डेकवरचा प्रत्येक बोल्ट हे पाण्याचं दार आहे. ६ मि.मी.च्या बोल्टसाठी १२ मि.मी.चं भोक पाडा, मधलं लाकूड थोडं मागे कोरा, इपॉक्सीत पावडर कालवून घट्ट लांबी (पुटी) भरा, सुकली की तिच्यात ६चं भोक पाडा. आता बोल्टभोवती पाणी गळलं तरी ते लाकडापर्यंत पोहोचत नाही. वरून बसवताना ब्यूटाइल टेप किंवा पॉलिसल्फाइड लावा, सिलिकॉन नको. सिलिकॉन एकदा लागलं की त्या जागी पुढे दुसरं काही चिकटत नाही.

कील

हल आणि कील यांच्या सांध्यावर तांबडे ओघळ असतील तर एक बोल्ट काढून पाहिल्याशिवाय गप्प बसू नका. एकावेळी एकच बोल्ट, आणि कील ठोकळ्यांवर पूर्ण टेकलेली असताना. मधला भाग बारीक झालेला दिसला तर सगळे बदला. नवे बोल्ट लेथवर करून मिळतात, मूळ मापाचे आणि मूळ धातूचेच करून घ्या. बिडाची कील ग्राइंड करून पांढरी चमक आली की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर चढवा. हवा कोरडी असली तरी बीड रात्रीच्या दवात गंजतंच.

फेब्रुवारी: इपॉक्सी

आधी माल किती लागेल ते काढा. पाणरेषेवरची लांबी ६.७ मीटर, रुंदी २.५, बूड, म्हणजे पाण्याखालची खोली, १.२ धरलं तर ६.७ गुणिले ३.७ (रुंदी अधिक बूड) गुणिले ०.७५, म्हणजे सुमारे १८.५ चौरस मीटर. सुकल्यावर थर ३०० मायक्रॉन हवा, म्हणजे ५.५ लिटर घन माल. सॉल्व्हंट नसलेलं इपॉक्सी घेतलं तर वाया जाणारं धरून साडेसहा लिटर. सॉल्व्हंट असलेलं, ४५ टक्के घन, घेतलं तर चौदा-पंधरा लिटर. डब्यावर घन भागाचे टक्के लिहिलेले असतात. ते न वाचता लिटरवर लिटर तुलना करून स्वस्त डबा आणला तर थर अर्धाच बसतो.

थर पाच-सहा. एक राखाडी, एक पांढरा असे आळीपाळीने, म्हणजे सुटलेली जागा लगेच दिसते. बारीक फोमचा रोलर, आणि मागून कोरड्या फोमने बुडबुडे मोडत जायचं.

आता कारागिराशी वाद होतो तो मुद्दा. टाक्या बनवणारा माणूस पॉलिएस्टर रेझिनला सवयलेला असतो. त्यात किलोला दहा ते वीस ग्रॅम हार्डनर, थंडी असेल तर जरा जास्त, ऊन असेल तर कमी, आणि ते बरोबरच आहे. इपॉक्सीला हे लागू नाही. इपॉक्सीचा हार्डनर हा त्या पदार्थाचाच एक मोठा भाग असतो. कंपनीने सांगितलेल्या प्रमाणापेक्षा जास्त टाकला तर लवकर सुकत नाही, कायमचं चिकट राहतं आणि खरवडून काढावं लागतं. 'थंडी आहे, थोडा वाढवू' हे वाक्य ऐकलं की हातातला मग काढून घ्या. थंडीसाठी वेगळा, जलद हार्डनर मिळतो, तो आणा. प्रमाण वजनाने द्यायचं की मापाने ते डब्यावर बघा, दोन्ही एक नसतात. डिजिटल काट्यावर मोजा.

आणखी एक, पॉलिएस्टर वापरणाऱ्यांसाठी. नाशकात रेझिन, हार्डनर आणि कोबाल्ट तीन वेगवेगळ्या बाटल्यांत मिळतात. हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकत्र आले तर भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. दोघांसाठी एकच माप कधीही वापरू नका. पॉलिएस्टरवर इपॉक्सी चिकटतं, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर किंवा जेलकोट नीट सुकत नाही. म्हणून एकदा इपॉक्सी केलं की पुढचं सगळं इपॉक्सीच. आणि तुकड्या-तुकड्यांची नेहमीची मॅट इपॉक्सीबरोबर वापरू नका. तिचा गोंद पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीने नाही. मॅट कडक राहते. विणलेलं कापड घ्या. मोठी दुरुस्ती असेल तर कडा जाडीच्या बारापट उतरत्या घासा, ६ मि.मी. जाडीला चारी बाजूंनी ७२ मि.मी.

वेळ सकाळी दहा ते दुपारी तीन. तळाचं तापमान दवबिंदूच्या वर किमान ३ अंश हवं. शेडमध्ये १८ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १० अंशांच्या आसपास. फेब्रुवारीतल्या रात्री तळ सहज तिथवर उतरतो. संध्याकाळी पाचला मारलेला शेवटचा थर सकाळी मेणचट, पांढुरका दिसतो. तो घासू नका. घासला तर पॉलिश पेपर भरून जातो आणि ते मेण खोल दाबलं जातं. आधी साधं पाणी आणि हिरवा स्कॉच-ब्राइट घेऊन धुवा, सुकवा, मग घासा. मार्चपर्यंत लांबलं तर उलटा त्रास: दुपारी मगमधलं इपॉक्सी तापून धूर सोडतं. कालवलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, एका वेळी अर्धा किलोपेक्षा जास्त कालवू नका.

वासासाठी कार्ट्रिजचा मास्क लागतो. साधा एन-९५ धूळ अडवतो, वाफ अडवत नाही.

टेकूंच्या खालची जागा विसरू नका. बाकी तळ पूर्ण झाल्यावर एकेक टेकू सरकवून तिथेही तेवढेच थर द्यायचे.

शेवटचा रंग आणि जस्ताचे गोळे

बोट समुद्रात जाणार असेल तर शेवाळ-शिंपले रोखणारा रंग नाशकात मारू नका. असले बरेच रंग हवेत फार दिवस राहिले की कामातून जातात. इथे इपॉक्सी पूर्ण करून न्या; तिथे ८० नंबरने घासून, जोडप्रायमर मारून, दोन हात रंग, आणि पाणरेषेवर आणि सुकाणूच्या पुढच्या कडेवर तिसरा.

बोट गंगापूर धरणात राहणार असेल तर असा तांब्याचा रंग लावूच नका. शिंपले तिथे होत नाहीत, होतो तो हिरवा बुळबुळीत थर, तो स्पंजने निघतो. आणि ते नाशिक शहराचं पिण्याचं पाणी आहे.

बाकीचे धातू वाचावेत म्हणून गंजण्यासाठी बळी द्यायच्या धातूचंही तसंच. समुद्रात जस्त किंवा ॲल्युमिनियम, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम. समुद्रातून आणलेले जस्ताचे गोळे धरणात तसेच ठेवले तर त्यांच्यावर थर बसतो, ते काम सोडून देतात आणि प्रॉपेलर खाल्ला जातो. यांवर रंगाचा एक थेंबही नको.

पाण्यात सोडताना

डोलकाठी उभी करण्याआधी मान वर करून बघा. धरणाच्या काठाला, जेट्टीच्या रस्त्याला विजेच्या तारा असतात. ॲल्युमिनियमची डोलकाठी तारेला लागली तर बोटीला हात लावलेला कोणीही वाचत नाही. डोलकाठी घेऊन जायचा रस्ता आधी पायी चालून या.

धरणात सोडायची असेल तर पाण्याची पातळी महत्त्वाची. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं, मार्चनंतर पाणी मागे सरकतं आणि मध्ये गाळ उघडा पडतो. ट्रेलर त्यात रुतला की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. समुद्रात भरतीच्या आधी, पाणी चढत असताना सोडा, म्हणजे काही चुकलं तर सुधारायला वेळ असतो.

बोट पाण्यात टेकली तरी पट्टे सैल करू नका. एक माणूस टॉर्च घेऊन आत उतरतो. सगळे व्हॉल्व्ह बंद, तळ कोरडा. आधी ग्लँड बघायचा, मग एकेक व्हॉल्व्ह उघडून सांध्याभोवती टिश्यू फिरवायचा. टिश्यू ओला झाला तर बोट परत वर, त्यात लाज कसली. सगळं कोरडं राहिलं की मगच पट्टे सोडायचे. ग्लँड मात्र पूर्ण कोरडा नको. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडायला हवेत, तेच त्याचं वंगण आणि थंडावा. थेंब थांबेपर्यंत नट आवळला तर शाफ्ट तापतो आणि झिजतो.

शाफ्ट आणि इंजिन एका रेषेत आणण्याचं काम शेडमध्ये अंदाजाने करा आणि पाण्यात चोवीस तास गेल्यावर पुन्हा करा. ठोकळ्यांवर असताना बोटीचा आकार थोडा वेगळा असतो, पाण्यात ती मोकळी होते. कपलिंगचे बोल्ट काढा, दोन्ही तोंडं हाताने जुळवा आणि फीलर गेज वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवा. १०० मि.मी.च्या कपलिंगला चारही जागांमध्ये फरक ०.१ मि.मी.च्या आत हवा. जास्त असेल तर इंजिनाच्या पायांचे नट एकावेळी एकषष्ठांश फेरा फिरवा आणि दर वेळी पुन्हा मोजा. त्यानंतर तारा हाताने सारख्या ताणा, हलक्या वाऱ्यात दोन तास शीड चढवून फिरा, आणि परत आल्यावर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या तारा लोंबत होत्या का ते आठवून अर्धा-अर्धा फेरा आवळा. टर्नबकलच्या पिना वाकवायच्या त्या यानंतरच.